चाचणीत पैकीच्या पैकी, पण चंद्र पाहिलाच नव्हता

"मॅडम, अभ्यासक्रम संपला, चाचणीत पैकीच्या पैकी गुण मिळाले. तरी मला वाटतं, याला काही कळलेलं नाही. मला स्वतःलाच विज्ञान येत नाही, मग पुढे काय करू?"

अकरा वर्षांच्या मुलाला घरीच शिकवणारी आई हे सांगत होती. खगोलशास्त्राचा अभ्यासक्रम म्हणजे व्हिडिओ आणि त्याखालचे प्रश्न. आता आणखी मोठा अभ्यासक्रम घ्यावा की महागडी दुर्बीण, अशा पेचात त्या होत्या. घरी शिकवणाऱ्या कित्येक पालकांना 'आपण कमी पडतोय' ही धाकधूक असते, आणि मग खरेदी वाढत जाते.

मी मुलाला विचारलं, "चंद्राची कोर का दिसते?"

"पृथ्वीची सावली पडते म्हणून."

याच प्रश्नाला चाचणीत त्याने बरोबर पर्याय निवडला होता. आईचा चेहरा उतरला. हा गैरसमज मोठ्या माणसांमध्येही सर्रास आढळतो, हे मी त्यांना लगेच सांगितलं. मुलाने उत्तर पाठ केलं होतं. चंद्राकडे मात्र कधी नीट पाहिलंच नव्हतं.

महिनाभर व्हिडिओ बंद ठेवायचं ठरलं. अमावास्येनंतर कोर दिसली की रोज संध्याकाळी एकाच वेळी, एकाच जागी उभं राहून चंद्राचं चित्र काढायचं. हात ताणून धरलेली मूठ आकाशात साधारण 10 अंश झाकते. चंद्र कालच्यापेक्षा किती मुठी पूर्वेकडे सरकला, ते लिहायचं. ढग असतील तर 'ढग' एवढंच लिहायचं. पौर्णिमेनंतर तो उशिरा उगवू लागतो, तेव्हा सकाळी पाहायचं.

दहाएक दिवसांनी अंधाऱ्या खोलीत एकच दिवा लावून पेन्सिलीवर खोचलेला चेंडू डोक्यापेक्षा थोडा वर धरून त्याने स्वतःभोवती गिरकी घेतली. दिवा म्हणजे सूर्य, चेंडू म्हणजे चंद्र आणि त्याचं डोकं म्हणजे पृथ्वी. कोर, अर्धा, पूर्ण, सगळं चेंडूवर दिसलं. "पण माझी सावली तर पडलीच नाही!" तो ओरडला. हे वाक्य त्याचं त्याला सापडलं, याचं मोल मला फार वाटतं. चेंडूचा अर्धा भाग कायम उजळलेलाच होता. बदलत होतं ते त्यातलं त्याला दिसणारं रूप.

वाचन त्यानंतर आलं. साध्या 10×50 द्विनेत्रीतून (दहापट मोठं दाखवणाऱ्या बायनॉक्युलरमधून) त्याने गुरू ग्रहाजवळचे ठिपके, म्हणजे गुरूचे चंद्र, पाहिले, आणि मग गॅलिलिओबद्दल वाचलं: 7 जानेवारी 1610 ला त्याला तीनच ठिपके दिसले, ते तारे वाटले; चौथा दिसायला 13 तारीख उजाडली. वहीत स्वतःचे ठिपके असताना त्या तारखा मुलाने दोनदा वाचल्या. (सूर्याकडे द्विनेत्री कधीही वळवायची नाही, हे मी आईकडून आधीच कबूल करून घेतलं होतं.)

आईला मी एकच काम दिलं. उत्तर येत नसेल तर "मलाही माहीत नाही" म्हणायचं आणि तो प्रश्न वहीच्या शेवटच्या पानावर लिहायचा. सुरुवातीला त्यांना ते फार जड गेलं.

पुढच्या भेटीत मुलाने वही उघडली. चार पानांवर नुसतं 'ढग'. एका पानावर सकाळी साडेनऊचा, पश्चिमेकडचा फिकट चंद्र. आणि शेवटच्या पानावर आईच्या अक्षरात: "दिवसा चंद्र दिसतो, हे मला इतकी वर्षं कसं माहीत नव्हतं?"