‘द टेक’ दाखवताना हिशेबाचंही बोला

प्रश्न : आमचं चित्रपट मंडळ ‘द टेक’ दाखवणार आहे. अर्जेंटिनात बंद कारखाने कामगारांनी ताब्यात घेऊन चालवले, त्यावरचा हा माहितीपट. कुणी त्याला भारावून टाकणारा म्हणतं, कुणी एकांगी. चर्चा कुठून सुरू करावी? प्रेक्षकांत कामगार बरेच असतील. ‘आपल्याकडे जमेल का?’ असं ते विचारणारच.
— एक वाचक, चिंचवड, पुणे

उत्तर : एकांगी आहे, हे मान्य करूनच सुरुवात करा. अवी लुईस आणि नेओमी क्लाईन यांचा हा 2004 चा, 87 मिनिटांचा माहितीपट उघडपणे कामगारांच्या बाजूचा आहे. तेवढ्यावरून तो कमी ठरत नाही. खरी उणीव हिशेबाची आहे.

‘फोर्हा’ या मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्याच्या ताब्यासाठी कामगारांची चाललेली घालमेल कॅमेऱ्याने फार जवळून टिपली आहे. पण ताबा मिळाल्यावर कच्चा माल उधारीवर कोण देणार? जागा आणि यंत्रं नावावर नसली की तारण नाही, तारण नाही म्हणून बँकेचं कर्ज नाही. त्यामुळे तिथल्या अनेक सहकारी कारखान्यांनी जॉबवर्क धरलं : माल गिऱ्हाइकाचा, मेहनत आपली. यातली गोम भोसरीतला कुठलाही वर्कशॉपवाला सांगेल. मजुरी सुटते, पण डाय (यंत्रावरचा साचा) बदलायला आणि दुरुस्तीला पैसा साठत नाही. ऑर्डर थांबली की पगारही थांबतो. एखाद्या लघुउद्योजकाला चर्चेला जरूर बोलवा.

खेळाआधी पाच मिनिटं पार्श्वभूमी सांगा. डिसेंबर 2001 मध्ये तिथे लोकांना बँकेतून स्वतःचेच पैसे काढण्यावर कडक मर्यादा आल्या; त्याच संकटात अनेक कारखाने बंद पडले. हे माहीत नसेल, तर ‘ब्रुकमान’ या सूट शिवणाऱ्या कारखान्यातल्या बायका आपल्या शिलाई यंत्रांसाठी पोलिसांपुढे का उभ्या ठाकतात, ते उमगत नाही. ‘झानोन’ या टाइल्सच्या कारखान्याची गोष्टही माहितीपटानंतर पुढे गेली : 2009 मध्ये प्रांतिक विधिमंडळाने तो संपादित करून कामगारांच्या सहकारी संस्थेला देण्याचा कायदा केला.

आपल्याकडचं उदाहरण कुर्ल्याच्या कमानी ट्यूब्ज या कारखान्याचं. 1988 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या संमतीने तो कामगारांच्या हाती आला. काही वर्षं चालला, मग पुन्हा अडचणीत गेला. ती योजना ज्या आजारी उद्योग कायद्याखाली झाली, तो आता रद्द झाला आहे. आज प्रकरण 2016 च्या दिवाळखोरी संहितेखाली जातं. थकलेल्या पगाराचा दावा ‘फॉर्म डी’त करायचा, सगळ्यांच्या वतीने एकच प्रतिनिधी असेल तर ‘फॉर्म ई’. हजेरीकार्ड आणि पगाराच्या पावत्या कंपनी सुरू असतानाच जपून ठेवायला सांगा, टाळं लागल्यावर त्या मिळवताना दमछाक होते.