व्हिएतनामी 'कान्ह खो क्वा' (खिमा भरलेल्या कारल्याचं सूप): कारल्यातला खिमा सुटतो आणि सूप गढूळ होतं, काय चुकतं?

बहुधा खिमा नुसता कालवलेला असतो, मळलेला नसतो. ३०० ग्रॅम पोर्कच्या खिम्यात (थोडी चरबी हवीच) १ मोठा चमचा फिश सॉस, मिरपूड, पातीच्या कांद्याचा पांढरा भाग, भिजवून चिरलेल्या मुगाच्या काचेरी शेवया २५ ग्रॅम आणि भिजवलेले काळे मशरूम घाला. हाताला चिकटेपर्यंत एकाच दिशेने फेटा. फिश सॉसमधलं मीठ आणि फेटण्यामुळे मांसातली प्रथिनं सुटून सारण बांधलं जातं. शेवया रस धरून ठेवतात.

फिकट हिरवी, जाड गराची ४ कारली घ्या. ४ सेंमीचे तुकडे करून बिया आणि आतला पांढरा कापूस पूर्ण खरवडा. मिठाच्या उकळत्या पाण्यात १ मिनिट, मग थंड पाण्यात. कडूपणा उरेल, तो उरायलाच हवा. दक्षिण व्हिएतनाममध्ये हे सूप तेतला, म्हणजे नववर्षाला करतात, कारण 'खो क्वा' म्हणजे कारलं, पण त्याचा दुसरा अर्थ 'हालअपेष्टा सरल्या'.

दीड लिटर पाण्याला उकळी आली की सारण भरलेले कारल्याचे तुकडे सोडा, फेस काढा, आच मंद करून ३५ मिनिटं झाकण न ठेवता शिजवा. खळखळ उकळलं की गढूळ होतं. फिश सॉस चाखत घाला, वरून पात आणि कोथिंबीर.