कृपेने तारण, मग सत्कर्म कशासाठी?

प्रश्न : ख्रिस्ती मतानुसार विश्वासानेच तारण (पापापासून सुटका व ईश्वराशी मीलन) होत असेल, तर आयुष्यभर पाप करून शेवटच्या क्षणी पश्चात्ताप करणारा फायद्यातच राहिला, असे नाही का? शिवाय न संपणारा अनंतकाळ कंटाळवाणा होणार नाही का?

उत्तर : आक्षेप जुना आहे. ईश्वराची कृपा वाढावी म्हणून पाप करीत राहावे काय, हा प्रश्न येशूचा प्रेषित पौल याने बायबलमधील रोमकरांस लिहिलेल्या पत्रात स्वतःच उपस्थित करून ठामपणे फेटाळला आहे. लूकच्या शुभवर्तमानात येशूशेजारी क्रुसावर खिळलेल्या गुन्हेगाराला त्याच दिवशी सुखलोकाचे आश्वासन मिळते, आणि त्याच्यापाशी तर सत्कर्म करण्याइतका वेळही उरलेला नव्हता. याउलट बायबलमधीलच याकोबाचे पत्र कर्मांवाचूनचा विश्वास निर्जीव ठरवते. या दोहोंचा मेळ कसा घालावा, यावरून सोळाव्या शतकात जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर आणि रोमचे कॅथलिक चर्च यांच्यात वाद पेटला. १५४७ मध्ये कॅथलिक चर्चच्या ट्रेंट येथील परिषदेने ल्यूथरचे ‘केवळ विश्वास’ हे सूत्र नाकारले, तर १९९९ मध्ये दोन्ही बाजूंनी काढलेल्या संयुक्त घोषणापत्राने लुथरन (ल्यूथरचे अनुयायी) व कॅथलिक यांच्यातील अंतर बरेच कमी केले.

माझ्या मते ‘फायदा’ हा हिशेबच येथे गैरलागू आहे, कारण प्राचीन ख्रिस्ती विचारवंत संत ऑगस्टीनच्या परंपरेत पाप म्हणजे ईश्वराकडे पाठ फिरवलेले मन होय, आणि तसे असेल तर पापात गेलेली वर्षे निव्वळ नुकसानीचीच ठरतात. अनंतकाळाविषयी चौथ्या शतकातील ख्रिस्ती विचारवंत निस्साच्या ग्रेगरीचे उत्तर मला सर्वांत पटते : ईश्वर अमर्याद असल्यामुळे त्याच्याकडे जाणाऱ्या आत्म्याची वाटचाल कधीच थांबत नाही. कंटाळ्याची शंका त्यामुळे बरीच सैल होते; तारण न पावलेल्यांचे काय, या प्रश्नावर मात्र ख्रिस्ती विचारवंतांत आजही एकमत नाही.