लॉन्सचे बुकिंग, वडिलांची श्रद्धा आणि कायदा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. गंगापूर रोडच्या पुढे तुमच्या कुटुंबाचे लॉन्स आहे. पुण्याच्या दोन मुलींनी स्वागत समारंभासाठी जागा आणि जेवण ठरवले, आगाऊ रक्कम भरून पावती घेतली. पुढे प्रवेशद्वारावरील फलकाचा मजकूर आला, तेव्हा दोन्ही नावे मुलींची असल्याचे वडिलांच्या लक्षात आले आणि ‘हे आमच्या धर्मात बसत नाही’ असे व्हॉट्सअ‍ॅपवर कळवून त्यांनी सगळी रक्कम परत पाठवली. त्यांना असे करण्याचा अधिकार आहे का, असे तुम्ही विचारले आहे. मी नाशिकलाच वकिली करतो आणि माझ्याकडे ग्राहक तक्रारींची कामे अधिक असतात, म्हणून सविस्तर लिहितो.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. ‘असे लग्न बेकायदा आहे, मग आम्ही जागा कशी देणार?’ हा युक्तिवाद टिकणारा नाही. सर्वोच्च न्यायालयाने 6 सप्टेंबर 2018 रोजी नवतेजसिंह जोहर खटल्यात सज्ञान व्यक्तींमधील संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून बाहेर काढले. 17 ऑक्टोबर 2023 च्या सुप्रियो खटल्यातील निकालाने समलिंगी विवाहाला कायदेशीर मान्यता देण्यास नकार दिला, हे खरे आहे. मात्र त्याचा अर्थ एवढाच की अशा विवाहाची नोंदणी होणार नाही आणि त्यातून पती-पत्नीचे कायदेशीर हक्क उत्पन्न होणार नाहीत. आप्तेष्टांना बोलावून हार घालणे, जेवण देणे, नाचगाणे करणे यांवर कोणतीही बंदी नाही. तुमचे वडील भाड्याने देतात ती हिरवळ, मांडव आणि पंगत. विवाहाचा दाखला ते कोणालाच देत नाहीत.

आता श्रद्धेचा मुद्दा. संविधानाच्या 25 व्या अनुच्छेदाचा हवाला देणारे बहुतेक जण त्याची सुरुवात वगळतात. धर्माचरणाचे स्वातंत्र्य तिथे सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता व आरोग्य यांच्या अधीन आहे आणि शिवाय मूलभूत हक्कांच्या त्याच भागातील इतर तरतुदींच्याही अधीन आहे. त्या इतर तरतुदींत अनुच्छेद 15(2) येतो. दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले आणि करमणुकीची ठिकाणे येथे धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान एवढ्याच कारणावरून कोणाही नागरिकाला प्रवेश नाकारता येणार नाही, असे तो सांगतो आणि हे बंधन खासगी व्यक्तींवरही आहे. ‘दुकान’ म्हणजे केवळ गल्ला मांडलेली जागा नव्हे, ठरलेल्या अटींवर सेवा देणारा कोणीही त्यात येतो, असा खुलासा डॉ. आंबेडकरांनी 1948 मध्ये संविधान सभेत केला होता आणि सर्वोच्च न्यायालयाने 2011 साली त्याचा आधार घेतला आहे. ‘लिंग’ या कारणात लैंगिक कल येतो का, हा पुढचा प्रश्न. जोहर खटल्यात न्या. धनंजय चंद्रचूड आणि न्या. इंदू मल्होत्रा यांनी अनुच्छेद 15 चा अर्थ तसा व्यापक लावला आहे. एखाद्या खासगी लॉन्सवाल्याला हे सारे लागू करणारा स्वतंत्र कायदा संसदेने अद्याप केलेला नाही, हेही तितकेच खरे; त्यामुळे या मुद्द्यावर दाद मागायची तर उच्च न्यायालयात जावे लागेल आणि समोरची बाजू प्रत्येक पायरीवर हरकत घेईल.

नाशिकच्या माणसाला धर्माच्या नावाने दिलेला नकार नवा नाही. 2 मार्च 1930 रोजी पंचवटीत काळाराम मंदिराच्या दारात सत्याग्रह सुरू झाला आणि दादासाहेब गायकवाड व त्यांच्या सहकाऱ्यांनी तो पुढे काही वर्षे चालवला. त्या वेळीही दार अडवणाऱ्यांची श्रद्धा बहुधा प्रामाणिकच होती. जातीचे दुःख आणि समलिंगी व्यक्तींचे दुःख एकसारखे आहे असे मी म्हणणार नाही, पण प्रामाणिक श्रद्धेमुळे दुसऱ्याचा हक्क संपत नाही, एवढे त्या लढ्यातून आपल्या गावाने शिकायला हवे होते.

अमेरिकेतील केकच्या खटल्याचा दाखला अशा वेळी हमखास दिला जातो, आणि तो जवळजवळ नेहमीच अर्धवट असतो. कोलोरॅडोतील ‘मास्टरपीस केकशॉप’च्या मालकाने समलिंगी जोडप्याच्या लग्नाचा केक करून देण्यास धर्माच्या कारणावरून नकार दिला होता. जून 2018 मध्ये तो सर्वोच्च न्यायालयात 7 विरुद्ध 2 मतांनी जिंकला, पण त्याच्या प्रकरणाची सुनावणी करताना राज्याच्या नागरी हक्क आयोगाने त्याच्या धर्माबद्दल आकस दाखवला, या मर्यादित कारणावर. दुकानदाराला श्रद्धेपायी गिऱ्हाईक परत पाठवण्याची सरसकट मुभा त्या निकालाने दिलेली नाही. 2023 च्या ‘303 क्रिएटिव्ह’ खटल्यात संकेतस्थळे तयार करणारी व्यावसायिक 6 विरुद्ध 3 मतांनी जिंकली ती अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर: तिला मान्य नसलेला मजकूर रचण्याची सक्ती सरकार तिच्यावर करू शकत नाही, असे न्यायालय म्हणाले. त्याच न्यायालयाने 1968 मध्ये साउथ कॅरोलिनातील एका उपाहारगृहाच्या मालकाचा, कृष्णवर्णीयांना वाढणे माझ्या धर्माविरुद्ध आहे, हा बचाव फुटकळ ठरवला होता.

मला सर्वांत उपयोगी वाटतात ते ब्रिटनचे दोन निकाल. 2013 मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने कॉर्नवॉलमधील एका निवास-न्याहारीगृहाच्या ख्रिस्ती मालकांविरुद्ध निर्णय दिला. दोन पुरुषांना त्यांनी दुहेरी पलंगाची खोली नाकारली होती. 2018 मध्ये त्याच न्यायालयाने बेलफास्टच्या अ‍ॅशर्स बेकरीच्या बाजूने निकाल दिला. तेथे केकवर समलिंगी विवाहाला पाठिंबा देणारे वाक्य लिहून हवे होते, आणि ते वाक्य बेकरीने कोणत्याही गिऱ्हाइकाला लिहून दिले नसते. एका प्रकरणात माणसाला नकार होता, दुसऱ्यात मजकुराला. ‘हीच वस्तू, हीच जागा तुम्ही दुसऱ्या कोणाला दिली असती का?’ असे विचारले की बहुतेक गुंता सुटतो.

तुमच्या वडिलांना हा प्रश्न विचारून पाहा. त्याच मुलींपैकी एखादीचे एखाद्या मुलाशी लग्न असते तर तीच हिरवळ, तेच स्टेज, तीच बासुंदी-पुरी त्यांनी आनंदाने दिली असती. म्हणजे नकार माणसांना आहे. याउलट लग्न लावणाऱ्या गुरुजींचे उदाहरण घ्या. ते स्वतः मंत्र म्हणतात, विधी त्यांच्या श्रद्धेचा भाग आहे. त्यांनी ‘मला जमणार नाही’ म्हटले तर त्यांच्यावर सक्ती करू नये, असे माझे मत आहे. मंगलाष्टके रचून देणाऱ्या कवीलाही मी हीच सवलत देईन. छायाचित्रकाराबाबत मात्र विचारवंतांत मतभेद आहेत, आणि आचारी, मांडववाला, जनरेटरवाला यांच्याबाबत ते असण्याचे कारण मला दिसत नाही.

श्रद्धेला वाव नाही असे मात्र नाही. तुमच्याकडच्या पावतीच्या मागे बहुधा ‘मद्यपान व मांसाहारास सक्त मनाई’ असे छापलेले असेल. ती अट धर्मभावनेतून आली असली तरी पूर्णपणे योग्य आहे, कारण ती प्रत्येक यजमानाला सारखीच लागू होते. त्याच पावतीवर ‘कोणतेही कारण न देता बुकिंग रद्द करण्याचा अधिकार मालकास राहील’ असेही एक कलम असते. बहुतेक लॉन्सवाले ते एकमेकांच्या पावतीवरून उतरवून घेतात आणि त्यावर निर्धास्त राहतात. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार वाजवी कारणाशिवाय एकतर्फी करार संपवण्याची मुभा देणारी अट ‘अनुचित करार’ ठरू शकते. तशी तक्रार मात्र जिल्हा आयोगापुढे चालत नाही, ती राज्य आयोगापुढे करावी लागते.

तुमच्या कुटुंबाला खरी जोखीम येथेच आहे. पैसे घेऊन, पावती देऊन मग माघार घेणे ही सेवेतील त्रुटी म्हणून जिल्हा ग्राहक आयोगापुढे मांडता येते, त्यासाठी संविधानाचा काथ्याकूट करावा लागत नाही. रक्कम परत केली म्हणून प्रश्न मिटत नाही. ऐनवेळी दुसरी जागा घेताना झालेला जादा खर्च आणि मनस्ताप यांची भरपाई मागता येते. तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार दाखल होऊ शकते, म्हणजे तारखांना वडिलांनाच पुण्याला खेटे घालावे लागतील. मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. शिवाय नकाराचे कारण वडिलांनी स्वतःच्या हाताने लिहून दिले आहे, त्यामुळे ‘तारीख चुकून दोघांना दिली गेली’ असली सबब आता चालणार नाही. खरे सांगायचे तर तशी सबब सांगणाऱ्यांपेक्षा मला तुमचे वडील अधिक प्रामाणिक वाटतात.

ती तारीख अजून दुसऱ्या कोणाला दिली नसेल, तर संदेश न पाठवता वडिलांनी किंवा तुम्ही स्वतः फोन करा आणि बुकिंग पूर्वीच्याच दराने कायम असल्याचे सांगा. वडिलांना त्या दिवशी तेथे उभे राहणे जड जाणार असेल तर व्यवस्था तुम्ही पाहा. मालकाने समारंभाला हजर राहिलेच पाहिजे असे कोणताही करार म्हणत नाही. तारीख गेलीच असेल तर त्यांना दुसरी जागा पाहून द्या आणि दरातला फरक तुम्ही सोसा. काहीही ठरले तरी व्हॉट्सअ‍ॅपवरचा तो संदेश पुसू नका. त्याची प्रत त्या मुलींकडे आहेच, आणि तो पुसल्याचे आयोगापुढे आले तर वडिलांच्या प्रामाणिकपणाचा जो थोडा फायदा मिळू शकतो, तोही हातचा जाईल.