मेन थ्रेड विंडोचा

इंदूर

प्रिय मित्रा,
अ. उ. आ.

तुझा प्रोग्राम पाहिला. क्लॉथ मार्केटमधल्या दुकानाची 80,000 बिलं वाचायची आणि प्रत्येक बिलामागे प्रगतीची पट्टी पुढे सरकवायची. पण पट्टी जागची हलत नाही, शेवटी एकदम भरते. लूप चुकलाय का, असं विचारतोस. लूप ठीक आहे, तो बसवलायस तिथे चूक आहे. बटणाचं फंक्शन मेन थ्रेडवर, म्हणजे प्रोग्रामच्या कामाच्या मुख्य धाग्यावर चालतं आणि टीकेइंटरचा (पायथनमध्ये विंडो बनवायची लायब्ररी) पडदा रंगवणारा मेनलूपही तिथेच. फंक्शन संपेपर्यंत त्याला हात हलवता येत नाही. विंडोजमध्ये साधारण 5 सेकंद असं झालं की विंडो पांढुरकी पडते, वर 'नॉट रिस्पॉन्डिंग' येतं. शेठजी फुली दाबतात. अर्धी बिलं आत, अर्धी बाहेर.

लूपमध्ये टीकेइंटरचं अपडेट हे फंक्शन टाकून मोकळा होऊ नकोस. ते नुसतं रंगवत नाही, साचलेल्या क्लिकही उरकतं. बटण दुसऱ्यांदा दाबलं गेलं तर पहिल्या लूपच्या पोटात दुसरा सुरू. अपडेट-आयडलटास्क्स फक्त रंगवतं, म्हणून क्लिक अडकलेल्याच राहतात. ही पळवाट मीही फार वर्षं वापरली, म्हणूनच एवढा चिडून लिहितोय. मेन थ्रेड विंडोचा. तिथे काम करायचं नाही.

काम वेगळ्या थ्रेडवर ने. थ्रेड बनवताना टार्गेटला, म्हणजे काय चालवायचं ते सांगायच्या जागी, फंक्शनचं नुसतं नाव दे. पुढे कंस लावलास तर ते तिथल्या तिथे, मेन थ्रेडवरच चालेल आणि तू दिवसभर डोकं धरून बसशील. त्या थ्रेडमधून पट्टीला हात लावायचा नाही, किती झालं तो आकडा फक्त क्यूमध्ये, म्हणजे दोन थ्रेडमधल्या रांगेत टाकायचा. तोही दर बिलाला नाही. मोनोटॉनिक (कधीच मागे न जाणारं) घड्याळ बघ, मागच्या आकड्यानंतर 0.1 सेकंद झाला असेल तरच टाक. लूप संपल्यावर एक आकडा न चुकता टाक, नाहीतर पट्टी शंभराच्या अलीकडेच थांबेल. विंडोच्या बाजूने आफ्टर (ठरल्या वेळाने फंक्शन एकदा चालवणारी सोय) 100 मिलिसेकंदांवर लाव, क्यू रिकामी कर, शेवटचा आकडा पट्टीला दे, आणि आफ्टर पुन्हा लाव. हे 'पुन्हा' सगळे विसरतात.

एस्क्यूलाइट या डेटाबेसचं कनेक्शनही त्याच थ्रेडमध्ये उघड. मेन थ्रेडवर उघडलेलं तिथे वापरलंस तर एरर येते. आणि थ्रेडमधली एरर विंडोला कळत नाही. कन्सोलशिवाय (मजकुराच्या काळ्या खिडकीशिवाय) बनवलेल्या एक्झी फाइलमध्ये ती कुणालाच दिसत नाही, पट्टी 43 टक्क्यांवर बसून राहते. सगळं ट्राय-एक्सेप्टमध्ये, म्हणजे एरर पकडणाऱ्या चौकटीत घाल, एररही क्यूतूनच पाठव. बटण सुरुवातीला बंद कर, आणि एरर आली तरी शेवटी चालू कर. 'रद्द करा'साठी थ्रेडिंगचा इव्हेंट (दोन्ही थ्रेडना दिसणारा झेंडा), तो लूपच्या प्रत्येक फेरीत तपास.

'दोनशे ओळींच्या प्रोग्रामला एवढा खटाटोप?' असं म्हणशील. म्हण. दुकानात उभं राहून शेठजींना 'थोडं थांबा' म्हणण्यापेक्षा चाळीस ओळी जास्त लिहिलेल्या मला परवडतात. मेन थ्रेड विंडोचा, यावर मी वाद घालत नाही.

बदल केलास की लूपमध्ये 0.01 सेकंदाची झोप घाल, चालू कर आणि विंडो माउसने धरून पडद्यावर फिरव. कुठेही अडकली नाही तर झोप काढ आणि फाइल पाठव.

तुझा,
काका