‘हाय टी’ला मराठीत काय म्हणावे?

म्हापशाहून विचारणा आली आहे. वाचनालयाचा वर्धापनदिन आहे, कार्यक्रम साडेचार ते साडेसहा, त्यानंतर बटाटेवडा, सँडविच, केक आणि चहा. इंग्रजी पत्रिकेत ‘हाय टी’ असे छापून झाले. मराठी पत्रिकेपाशी घोडे अडले. समितीतल्या एकाने ‘उच्च चहापान’ सुचवले, दुसऱ्याने ‘अल्पोपाहार’, तिसऱ्याचे म्हणणे ‘हाय टी’च ठेवा, सगळ्यांना कळते. यातले बरोबर काय, आणि ‘हाय टी’ व ‘आफ्टरनून टी’ एकच की वेगवेगळे?

‘उच्च चहापान’ आधी निकालात काढू. ते वाचून पाहुण्यांना वाटेल की चहा एकतर गच्चीवर आहे नाहीतर मामलेदार-आमदारांपुरता आहे. ‘हाय’चा संबंध थाटामाटाशी जोडला की असे होते. ही गफलत तुमच्या समितीनेच केली असे नाही, मोठमोठी हॉटेलेही तेच करतात. चांदीची किटली, तीन मजली तबक, बोटभर सँडविच असा सगळा नाजूक सरंजाम मांडतात आणि पाटी लावतात ‘हाय टी’ची.

मुळात हाय टी हे कष्टकऱ्यांचे जेवण. उत्तर इंग्लंड आणि स्कॉटलंडमधला गिरणीकामगार किंवा खाणकामगार संध्याकाळी पाच-सहाच्या सुमारास दमूनभागून घरी यायचा, तेव्हा त्याच्या पुढ्यात जे यायचे ते हाय टी. थंड मांस, हॅम, धुरी दिलेला मासा, मांस भरलेली पाई, चीज, पाव-लोणी आणि किटलीभर कडक चहा. त्यानंतर रात्री वेगळे जेवण नाही. ‘हाय’ कशामुळे, तर हे खाणे जेवणाच्या उंच टेबलाशी नीट खुर्ची ओढून व्हायचे, अशी फोड सहसा करतात. त्या भागातल्या कित्येक घरांत अजूनही संध्याकाळच्या जेवणाला नुसते ‘टी’च म्हणतात. पोर शाळेतून आले की विचारते, आज टीला काय? त्याला कपात काय आहे हे विचारायचे नसते, ताटात काय आहे हे विचारायचे असते.

कथा-कादंबऱ्यांचे अनुवाद करणाऱ्यांनी इथे जपावे. ‘बाबा कामावरून आले आणि त्यांनी चहा घेतला’ असे मराठीत लिहून टाकायचे आणि पुढच्याच ओळीत बाबा उकडलेले बटाटे आणि सॉसेज खाताना दिसायचे, हे वाचकाला चमत्कारिक वाटते. घड्याळात किती वाजले आहेत आणि ताटात काय आहे हे पाहावे, मग ‘टी’ला चहा म्हणायचे की जेवण हे ठरवावे.

आफ्टरनून टी ही उलट सरदारघराण्यातली चाल. १८४०च्या आसपास बेडफर्डची सातवी डचेस ॲना हिच्यापासून ती सुरू झाली असे सांगतात. त्या काळी मोठ्या घरांत रात्रीचे जेवण आठ वाजेपर्यंत लांबत गेले होते आणि दुपारचे खाणे असायचे जुजबी. चार-पाचच्या सुमारास बाईंचा जीव कासावीस व्हायचा, म्हणून त्या आपल्या खोलीत चहा आणि पाव-लोणी मागवू लागल्या. मग मैत्रिणींना बोलावू लागल्या, आणि पुढे त्याचाच रिवाज झाला. हा चहा दिवाणखान्यात बुटक्या टेबलांवर मांडला जाई, म्हणून त्याला ‘लो टी’ असेही नाव आहे. कडा कापलेले काकडीचे सँडविच, स्कोन नावाचे छोटे गोल पाव, इवले इवले केक. पोट भरणे हा हेतू नव्हताच, कारण रात्रीचे साग्रसंगीत जेवण व्हायचेच होते. हॉटेलात ‘हाय टी’ म्हणून जे मिळते ते बहुधा हे.

आणखी दोन नावे कानावर येतात. सकाळी अकराच्या चहा-बिस्किटाला ‘इलेव्हन्सेस’ म्हणतात. ‘क्रीम टी’त दुधाऐवजी साय घालतात असे काहींना वाटते, पण ते म्हणजे स्कोन, जॅम आणि घट्ट साय यांच्याबरोबरचा चहा. इंग्लंडमधल्या डेव्हनचे लोक स्कोनवर आधी साय लावतात, कॉर्नवॉलचे आधी जॅम, आणि दोघेही एकमेकांना अडाणी समजतात.

तर या सगळ्या चहांत खरा फरक पडतो तो पुढे जेवण आहे की नाही यावर. हे एकदा लक्षात घेतले की आपल्याकडच्या ‘हाय टी’कडे जरा वेगळ्या नजरेने पाहता येते. पणजीत किंवा मडगावात एखाद्या पुस्तक प्रकाशनाच्या, निवृत्ती समारंभाच्या पत्रिकेत ‘कार्यक्रमानंतर हाय टी’ असते, तेव्हा यजमान काय सांगत असतो? इथे भरपूर खाऊन घ्या, जेवणाची पंगत नाही. म्हणजे थाट उचलला डचेसबाईंचा, पण काम करून घेतले ते गिरणीकामगाराच्या हाय टीचेच. म्हणून भारतीय इंग्रजीतला हा वापर साफ चुकीचा असे मी म्हणणार नाही. मोलमजुरी करणाऱ्याचे जेवण इथे येईपर्यंत प्रतिष्ठित झाले, एवढेच. आपल्या शेतात राबणाऱ्यांची दहा-अकराची पेज आणि तोंडी लावायला तोराचे, म्हणजे कैरीचे, लोणचे, हीही त्याच जातीची गोष्ट. पण ‘कार्यक्रमानंतर पेज’ असे छापायला कोणी धजावत नाही.

गोव्यातल्या चहाचे घड्याळ कोणा डचेसने लावलेले नाही, ते लावले दुपारच्या झोपेने. एक वाजला की दुकानांची दारे ओढली जातात, माणसे आडवी होतात, आणि साडेतीन-चारला उठल्यावर पहिली गरज असते ती चहाची. याच सुमारास पोदेराची, म्हणजे पाववाल्याची, दुसरी फेरी येते. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. सायकलच्या मागे टोपली, तिच्यावर निळे प्लास्टिक आणि तो रबरी भोंगा. भोंगा ऐकला की घरातले कोणीतरी चहाचे आधण ठेवते आणि कोणीतरी पैसे घेऊन फाटकाशी जाते. उंडे, कातरे पाव, कोंड्याची पोळी आणि कांकणे. कांकण हे नावाप्रमाणे बांगडीच्या आकाराचे आणि कडक, नुसते चावले तर दात सांभाळावे लागतात. ते मोडून चहात बुडवायचे, सुटणारे बुडबुडे थांबायच्या आत बाहेर काढायचे. उशीर झाला की अर्धे हातात आणि अर्धे कपाच्या तळाशी, मग चमचा शोधा.

पोळीवरून आठवले. पुण्याकडच्या पाहुण्याला गोव्यात ‘चहाबरोबर पोळी चालेल ना?’ असे विचारले की त्याच्या डोळ्यांसमोर तव्यावरची चपाती येते, कारण त्याच्याही घरी चहा-पोळी खातातच. इथे पुढे येते ती भट्टीतली, आतून पोकळ, वर कोंडा भुरभुरलेली पोळी. नाव एक आणि वस्तू दोन, तरी दोघांचेही चहात बुडवून चालते.

ख्रिस्ती घरात चारच्या चहाला गूळ-खोबऱ्याचे सारण भरलेले आलेबेले किंवा रवा-खोबऱ्याचे बोलिन्हास मिळतील. हिंदू घरात तिखटमिठाचे पोहे, शेव, कधी शिरा. बाजारात आलात तर कॅफे तातो किंवा कॅफे भोंसले, तिथे चहाबरोबर भाजी-पाव, बन्स, मिरची भजी. या सगळ्याला कोकणीत एक फार सोयीचा शब्द आहे, ‘फळार’. ‘च्या-फळार’ म्हटले की गोव्यातल्या माणसाला बरोबर कळते की कपाशेजारी बशीत काहीतरी आहे.

मराठीकडे येऊ. आपल्याकडे पायऱ्या पूर्वीपासून आहेत, आपण त्या मोजत नाही एवढेच. ‘चहाला या’ म्हटले की चहा आणि जे काही घरात असेल ते. ‘चहापान’ झाले की मामला औपचारिक. तिथे चहा नावापुरता, भेट महत्त्वाची. महाराष्ट्रात विधिमंडळ अधिवेशनाच्या आदल्या दिवशी मुख्यमंत्री चहापान ठेवतात आणि विरोधक त्यावर बहिष्कार टाकतात. बातमी होते ती बहिष्काराची, बिस्किटे कोणती होती हे कोणी छापत नाही. क्रिकेटच्या बातम्यांनी तर हा शब्द पक्का करून टाकला आहे. कसोटीत पहिल्या सत्रानंतर ‘उपाहार’, दुसऱ्यानंतर ‘चहापान’. उपाहाराला चाळीस मिनिटे, चहापानाला वीस. म्हणजे वाचकाच्या मनात चहापान म्हणजे छोटी विश्रांती हे ठसलेलेच आहे. बटाटेवडा, सँडविच आणि केक एवढे सगळे असताना नुसते ‘चहापान’ छापले तर पाहुणे घरून खाऊन येतील आणि तुमचे वडे उरतील.

‘चहापाणी’ मात्र पत्रिकेत नको. घरगुती बोलण्यात तो शब्द गोड आहे, पण कचेरीच्या आसपास आला की त्याला टेबलाखालचा वास येतो.

‘अल्पोपाहार’ शुद्ध आहे आणि सर्रास चालतो. छापताना ‘अल्पोपहार’ होऊ देऊ नका, अल्प अधिक उपाहार, म्हणून ‘पा’ला काना हवाच. उपहार म्हणजे भेटवस्तू. काना गेला तर पाहुण्यांना छोटीशी भेट मिळेल असा अर्थ होतो, आणि कोणी मागायला आला तर पंचाईत. या शब्दाशी माझे भांडण एवढेच की त्यात चहाचा पत्ता नाही, आणि ‘अल्प’ म्हणून सांगायचे नि बशी भरून द्यायची हा विनय जरा जास्तच होतो.

तुमच्या प्रश्नासोबत एक फिरता निरोपही आला आहे, की पोर्तुगीज आपल्या चहाच्या पेट्यांवर ‘त्रान्सपोर्ते द एर्वाश आरोमातिकाश’ची (सुगंधी वनस्पतींची वाहतूक) आद्याक्षरे टी, ई, ए अशी लिहीत आणि त्यावरून ‘टी’ शब्द आला. गोव्यात हा निरोप फार आवडीने पुढे पाठवला जातो, पण त्यात तथ्य नाही. एक साधी गोष्ट पाहा. पेट्या जर पोर्तुगिजांच्या, तर पोर्तुगीज स्वतः चहाला ‘टी’ का म्हणत नाहीत? ते म्हणतात ‘शा’. चीनच्या किनाऱ्यावरचे मकाव त्यांच्याकडे होते, तिथल्या कँटोनी बोलीतला ‘चा’ त्यांनी उचलला. डचांचा व्यापार चीनच्याच फुज्यान किनाऱ्याच्या लोकांशी जास्त होता, तिथल्या बोलीत ‘ते’. डचांकडून तो इंग्रजीत गेला. आपला चहा, हिंदी-फारसी चाय आणि पोर्तुगिजांचा शा ही एका घरची भावंडे.

इंग्रजीने सुद्धा आधी ‘चा’च लिहिले होते, आणि त्यात गोव्याचा हात आहे. यान हायखेन फान लिन्सखोटेन नावाचा डच माणूस १५८३ साली गोव्यात आला आणि पाचेक वर्षे इथल्या आर्चबिशपच्या पदरी चिटणीस होता. मायदेशी परतल्यावर त्याने पूर्वेकडच्या प्रवासाचे पुस्तक लिहिले. त्याचे इंग्रजी भाषांतर १५९८ साली निघाले, त्यात जपानी लोक पितात त्या पेयाचे नाव ‘चा’ असे दिले आहे. इंग्रजी छापील मजकुरातला चहाचा हा अगदी पहिल्यावहिल्यांपैकी उल्लेख. लिन्सखोटेनने गोव्यात चहा प्यायला असा मात्र याचा अर्थ काढू नका.

पेट्यांवरच्या आद्याक्षरांच्या त्या निरोपाचीच जोडगोष्ट अशी सांगतात, की पोर्तुगीज राजकन्या कॅथरीन हिने १६६२ साली इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याच्याशी लग्न करून जाताना हुंड्यात मुंबई नेली आणि इंग्रजांना चहा शिकवला. मुंबईचे खरे आहे. चहाचे अर्धेच खरे, कारण सॅम्युअल पीप्स या इंग्रज सरकारी अधिकाऱ्याने त्याच्या दोन वर्षे आधी, सप्टेंबर १६६० मध्ये, लंडनमध्ये चहा पिऊन रोजनिशीत नोंदवून ठेवला आहे. राणीने चहाला दरबारी मान मिळवून दिला, हे मात्र निःसंशय. पोर्तुगीज भाषेत असंस्कृत माणसाला ‘याने लहानपणी चहा घेतलेला नाही’ असे म्हणतात. आपल्याकडे लहान मुलांना चहा देऊ नये म्हणतात, त्यामुळे त्या मोजमापाने आपण सगळेच वाया गेलेले.

आता तुमची पत्रिका. माझे मत ‘चहा-फराळ’ला. चहा आहे, खाणे आहे, ते पुरेसे आहे आणि जेवण नाही, हे चारही अर्थ त्यात बिनबोभाट येतात. शिवाय गोव्यातल्या वाचकाच्या कानाला तो आपला ‘फळार’च वाटतो. ओळ अशी छापा : ‘कार्यक्रमानंतर सायं. ६.३० वा. चहा-फराळ.’ वेळ लिहायला विसरू नका, पेडण्याहून येणारा माणूस त्यावरूनच घरच्यांनी जेवायला थांबायचे की नाही हे सांगतो. इंग्रजी पत्रिकेतला ‘हाय टी’ तसाच राहू द्या, इथल्या इंग्रजीत त्याचा अर्थ सगळ्यांना कळतो आणि पुन्हा छपाईचा खर्च करण्याइतके त्यात वावगे नाही.

फक्त तारीख पंचांगात पाहून घ्या. एकादशी किंवा श्रावणी सोमवार आला तर ‘फराळ’ वाचून निम्मी मंडळी साबुदाण्याच्या आशेने येतील आणि बटाटेवड्याकडे पाहून उपाशी परततील. त्या दिवशी ‘अल्पोपाहार’ छापा, नाहीतर वड्यांच्या जोडीला एक परात खिचडी सांगून ठेवा.