मीडियाचा मालकच सत्तेत आला तर लोकशाहीत खरंच काही फरक पडतो का?

पडतो, आणि खूप पडतो. इटलीचं बघा ना, तिथले उद्योगपती सिल्व्हिओ बर्लुस्कोनी यांच्याकडे देशभर दिसणारी तीन प्रायव्हेट टीव्ही चॅनल्स होती, शिवाय एसी मिलान हा फुटबॉल क्लब, आणि जानेवारी १९९४ मध्ये त्यांनी राजकारणात उतरतोय असं जाहीर केलं तेही टीव्हीवरच, आणि मार्चमध्ये निवडणूक जिंकून थोड्याच दिवसांत पंतप्रधान!

पण चॅनल हातात म्हणजे विजय पक्का असंही नाही हां, १९९६ आणि २००६ ला ते हरलेच की. माझ्या मते खरं नुकसान वेगळंच आहे. सरकारी चॅनल राई, त्याच्यावर सत्ताधाऱ्यांचा वचक आधीपासूनच, त्यात पंतप्रधान स्वतः प्रायव्हेट चॅनल्सचे मालक, मग टीव्हीवर प्रश्न विचारायचे कोणी? २००२ मध्ये, पुन्हा पंतप्रधान असताना, त्यांनी बल्गेरियाच्या राजधानीत, सोफियात एन्झो बियाजी आणि मिकेले सांतोरो या पत्रकारांवर जाहीर टीका केली आणि नंतर दोघांचेही कार्यक्रम राईवरून बंद झाले. बाकीच्या पत्रकारांना यातून काय समजायचं ते समजलंच असणार, वेगळी सेन्सॉरशिप लावायची गरजच काय?

म्हणून नुसता कायदा बघू नका, आपल्याकडेही न्यूज चॅनल कोणाच्या मालकीचं आहे आणि त्याला जाहिराती कुठून येतात ते आधी बघा.